पत्र, पुस्तक आणि दारिद्र्यरेषा

दारिद्र्य हा साहित्याचा जुना विषय आहे. मात्र दारिद्र्यामुळे कोणाच्या हातून पत्र लिहिले जात नाही आणि कोणाच्या हाती पुस्तक पोहोचत नाही, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासात क्वचितच विचारला जातो. युरोपातील दारिद्र्यविषयक संशोधनात तो शतकभर वेगवेगळ्या रूपांत उपस्थित होत आला आहे.

सीबोम राउंट्री यांनी १८९९ साली इंग्लंडमधील यॉर्क शहराची पाहणी केली. तिचा वृत्तान्त १९०१ साली प्रसिद्ध झाला. केवळ शारीरिक कार्यक्षमता टिकविण्यासाठी पती, पत्नी व तीन मुले अशा कुटुंबाला आठवड्यास किमान २१ शिलिंग ८ पेन्स लागतात, असा त्यांचा हिशेब होता. याहून कमी उत्पन्न असलेली कुटुंबे त्यांनी ‘प्राथमिक दारिद्र्या’त गणली. अन्न, घरभाडे, कपडे व इंधन यांना या हिशेबात स्थान होते; टपालखर्चाला नव्हते. अशा कुटुंबाला परगावच्या मुलांना पत्र पाठविणे अथवा वर्तमानपत्र घेणे परवडणार नाही, हे स्वतः राउंट्री यांनीच स्पष्टपणे नोंदविले आहे.

पुढे पुष्कळ काळ हा मानदंड संकुचित मानला गेला. १९८६ साली जॉन वीट-विल्सन यांनी त्याचे निराळे वाचन मांडले. राउंट्री यांच्या लेखी ही जगण्यास पुरेशी पातळी नव्हतीच. इतक्या कृपण मापानेही यॉर्कच्या श्रमिकवर्गातील १५ टक्क्यांहून अधिक लोक दरिद्री ठरतात, तेव्हा दोष त्यांच्या उधळेपणाचा नव्हे, हे त्यांना सिद्ध करावयाचे होते. म्हणजे ती रेषा ही शिफारस नसून युक्तिवाद होता. १९३६ सालच्या दुसऱ्या पाहणीत राउंट्री यांनी वर्तमानपत्र, रेडिओ आणि टपालतिकिटे यांचा खर्च गरजांत धरला.

परंतु खर्चाची तरतूद झाली म्हणजे वाचन होतेच, असे नाही. व्हिएन्नाजवळील मारिएनथाल येथील कापडगिरणी १९२९-३०मध्ये बंद पडली. मारी याहोडा, पाउल लाझार्सफेल्ड व हान्स त्साइझेल यांचा या गावाविषयीचा अभ्यास १९३३ साली प्रसिद्ध झाला. बेकारीमुळे फुरसत वाढली होती, कामगार-ग्रंथालयाचे शुल्कही रद्द झाले होते. तरीही १९२९ ते १९३१ या काळात पुस्तकांची देवघेव जवळजवळ निम्म्याने घटली. उणीव आता पैशाची नव्हे, उमेदीची होती. शाळकरी मुलांनी नाताळच्या भेटींविषयी लिहिलेल्या निबंधांत इच्छा सरळ न येता ‘असते तर’ अशा संकेतार्थी रूपात आल्या. दारिद्र्य येथे व्याकरणातही उमटले.

पीटर टाउनसेंड यांनी १९७९ साली, समाजात रूढ असलेल्या जीवनात सहभागी होण्याइतकी साधने नसणे म्हणजे दारिद्र्य, अशी मांडणी केली. दारिद्र्य असे केवळ सापेक्ष मानल्यास उपासमारीसारख्या निरपेक्ष वंचनेचे गांभीर्य लोपेल, असा आक्षेप अमर्त्य सेन यांनी १९८३ साली घेतला. युरोपीय समुदायाने १९८४ साली स्वीकारलेल्या व्याख्येत भौतिक साधनांबरोबर सांस्कृतिक व सामाजिक साधनांचाही उल्लेख झाला. मात्र २००१ साली लाकेन येथे मान्य झालेला प्रमुख निर्देशक मध्यक उत्पन्नाच्या ६० टक्क्यांवर बेतलेला आहे. मारिएनथालच्या ग्रंथालयातील शुकशुकाट या आकड्यात दिसत नाही. ही उणीव काही अंशी भरून काढणारी, वंचिततेच्या १३ बाबींची यादी युरोपीय संघाने २०१७ साली स्वीकारली. तीत इंटरनेट-जोडणीचा समावेश आहे. राउंट्री यांच्या पहिल्या हिशेबातून वगळलेले पत्र अशा रीतीने गरजांच्या यादीत परतले.

साहित्याच्या अभ्यासकाला यातून एक सावधगिरी शिकता येते. जतन झालेल्या पत्रांवरून एखाद्या वर्गाच्या भावजीवनाचे अनुमान करताना, तिकिटाअभावी न लिहिली गेलेली पत्रे त्या संग्रहात नाहीत, याचे भान ठेवले पाहिजे. तेथील मौन हे अनुभवशून्यतेचे लक्षण नव्हे. ते कित्येकदा त्या वर्गाच्या उत्पन्नाचे मोजमाप असते.