तुटीचे वाटेकरी: फडाची कुळकथा

खानदेशातल्या पांझरा नदीवर एकाखाली एक असे जुने दगडी बंधारे आहेत. पांझरा, मोसम, आराम, गिरणा या नद्यांच्या काठी अशा बंधाऱ्यांवर जी शेती उभी राहिली, ती फड पद्धतीची. ही रीत काही शतके जुनी.

बंधाऱ्यातून कालवा निघतो, कालव्याला चाऱ्या आणि चाऱ्यांना शेतात पाणी नेणारे सारंग. जादा पाणी सांडमातून परत वाहून जाते. त्यातले आणि जमिनीतून झिरपून नदीला मिळालेले पाणी खालचा बंधारा अडवतो.

भिजणारे सगळे क्षेत्र म्हणजे थळ. थळाचे बहुधा चार फड पाडत. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे आणि दरवर्षी ते फिरवायचे. म्हणून उसाचा फड कायम एकाच जागी राहत नसे. पाणी फिरवायला पाटकरी, पिकाच्या राखणीला जागल्या आणि त्यांच्यावर देखरेखीला हवालदार. त्यांचा मोबदला शेतकरीच पिकातून देत.

खरी करामत जमिनीच्या मांडणीत होती. एकेका कुटुंबाचे तुकडे निरनिराळ्या फडांत विखुरलेले असत. नदी आटली की शेतकऱ्यांचे पंच एखादा-दुसरा फड कोरडा ठेवत. त्यात कालव्याच्या मुखाजवळच्या सधन शेतकऱ्याचाही तुकडा असे आणि शेवटच्या टोकाच्या गरिबाचाही. तुटीचा वाटा सर्वांना येई, आणि जो फड भिजे त्यात सर्वांचे थोडे थोडे पिके.

1884 मध्ये सरकारी नोकरीत रुजू झालेल्या अभियंते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी उमेदवारीच्या काळात याच पांझरेवर नळाचे सायफन बांधले. पुढे दख्खनच्या कालव्यांवर त्यांनी ब्लॉक पद्धत आणली. ठरावीक क्षेत्र, त्यात पिकांचा फेर, हे तिचे फडाशी असलेले साम्य. पण तिथे निर्णय सरकारी खात्याचा होता, पंचांचा नव्हे.

1972 च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभारली. माणशी अर्ध्या एकराचे पाणी, कुटुंबाला कमाल अडीच एकर, भूमिहीनालाही वाटा आणि ऊस वर्ज्य. पाण्याचा हक्क जमिनीच्या मालकीतून सुटला. फडाला न जमलेले हे पुढचे पाऊल.

2005 च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने तूट वाटून घेण्याचे फडाचे तत्त्व अख्ख्या खोऱ्याला लावले. तुटीची झळ खोऱ्यात समन्यायाने वाटली जावी, यासाठी ऑक्टोबरअखेर सर्व धरणांतल्या पाण्याची टक्केवारी जवळपास सारखी राहावी, असे कलम त्यात आहे. गोदावरीवरच्या जायकवाडी धरणासाठी वरच्या नगर-नाशिकच्या धरणांतून पाणी सोडले जाते ते याच आधारावर, आणि त्यावरून दुष्काळी वर्षांत वाद न्यायालयापर्यंत जातो.

फडात हा वाद उरला नाही, कारण कपातीचा नियम दुष्काळाआधीच ठरलेला होता आणि नियम करणाऱ्याचे शेतही त्याच कपातीत होते. गोदावरीच्या खोऱ्यात वरच्या आणि खालच्या शेतकऱ्यांनी पावसाळ्यापूर्वी एकत्र बसून पिके आणि कपात ठरवली, तरच कायद्यातल्या टक्केवारीला फडाचे बळ येईल.