सरावाच्या नावाखाली: 5 जून 1944

आयआयटी खरगपूरची जुनी इमारत म्हणजे हिजलीची बंदीशाळा. 1931 मध्ये तिथे ब्रिटिश पोलिसांनी दोन राजबंद्यांना गोळ्या घातल्या. 1944 मध्ये त्याच इमारतीत अमेरिकेच्या विसाव्या बॉम्बर कमांडचे मुख्यालय बसले. आजूबाजूला खरगपूर, चाकुलिया, पियारडोबा, दुधकुंडी अशा धावपट्ट्या होत्या आणि त्यांवर बी-29 ही नवी कोरी, चार इंजिनांची बॉम्बफेकी विमाने उभी होती.

एप्रिल: विमान नवे, तसे इंजिनही नवे, आणि तेच तापते. भारतात येतानाच कराचीच्या परिसरात काही विमाने कोसळली. ताफा काही दिवस जमिनीवर ठेवावा लागला.

मे: वैमानिकांना एकमेकांच्या जवळ, रांगेत उडण्याचा सराव फारच थोडा. जनरल केनेथ वुल्फ यांना पहिली मोहीम रात्रीची हवी होती; अंधारात रांग धरावी लागत नाही. वॉशिंग्टनहून हुकूम आला: दिवसाच, नेम धरून. लक्ष्य बँकॉकची मक्कासान रेल्वे कार्यशाळा, जाऊन-येऊन साडेतीन हजार किलोमीटरहून जास्त. ही खऱ्या मोहिमेची रंगीत तालीम, असे वरिष्ठांचे म्हणणे. बॉम्ब मात्र खरे.

5 जून, पहाटे: आपल्याकडे मिरग दोन दिवसांवर आलेला असतो, तेव्हाची ही हवा. ऊन चढले की हवा विरळ होते, इंजिनाचा जोर कमी पडतो आणि तापमान वाढते. म्हणून निघायचे ते उजाडतानाच. एका विमानाचे वजन इंधन-बॉम्बसह सुमारे साठ टन, आत अकरा माणसे.

5.45: पहिले विमान धावपट्टीवरून सुटले. त्यामागे मिनिटा-दीड मिनिटाच्या आत दुसरे, तिसरे. तासाभरात 98 विमाने हवेत गेली.

त्यातले एक पट्टी सोडताच कोसळले. टाक्या इंधनाने भरलेल्या, पोटात बॉम्ब. एकच जण वाचला. जपानी शत्रू हजार मैलांवर होता, विमानतळाची हद्दसुद्धा अजून ओलांडलेली नव्हती. बाकीची विमाने निघतच राहिली; थांबवणार तरी कोण आणि कशी?

सकाळ: चौदा विमाने निरनिराळ्या बिघाडांनी माघारी फिरली. धुरकट हवेत रांगा मोडल्या. जो तो आपापल्या वाटेने.

10.52: पहिले बॉम्ब. खाली ढग, म्हणून बरेचसे रडारच्या भरवशावर.

12.32: शेवटचे बॉम्ब. 77 विमानांनी ते टाकले, पण कार्यशाळेच्या आवारात पडले जेमतेम दीड डझन.

दुपार: आता प्रश्न इंधनाचा. दोन विमाने बंगालच्या उपसागरात उतरली, एकाच्या माणसांनी चीनवर पॅराशूट उघडले, एक उतरताना मोडले. बेचाळीस विमाने आपला तळ सोडून भलतीकडेच टेकली.

माझ्या मते दोष वैमानिकांचा नाही. ज्यांनी अपुऱ्या सरावावर दिवसाची मोहीम लादली, त्यांचा आहे. मुख्यालयाने मोहिमेला यशच म्हटले. दुसऱ्या दिवशी नॉर्मंडीत दोस्तांचे सैन्य उतरल्याची बातमी आली आणि बँकॉक मागे पडले.

त्या दिवशी पाच बी-29 गेली. जपानी गोळीने त्यांतले एकही पडले नव्हते.