जबलपूरचे तलाव आणि रात्रीची उष्णता

जबलपूरला बावन्न तलावांचे शहर म्हणण्याची परंपरा आहे. 16व्या शतकात गढा-मंडल्याच्या गोंड राजवटीत येथे तलावांची मालिका उभी राहिली. राणी दुर्गावतीच्या नावाचा राणीताल, तिचे दिवाण आधारसिंह यांच्या नावाचा आधारताल आणि राणीच्या दासीने बांधविला असे सांगतात तो चेरीताल. पुढे 1870 मध्ये मुंबईहून आलेला लोहमार्ग येथे अलाहाबादच्या मार्गाला मिळाला, 1904 मध्ये गन कॅरेज फॅक्टरी आली आणि शहर पसरत गेले. आज राणीतालच्या जागी क्रीडासंकुल आहे आणि चेरीताल ही वस्ती आहे.

या बदलाचा हिशेब हवेच्या तापमानातही मांडावा लागतो. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे 24 लाख ज्यूल उष्णता खर्ची पडते. पाणी आणि झाडे जाऊन काँक्रीट आले, की तीच उष्णता भिंतींत व रस्त्यांत साठते आणि सूर्यास्तानंतर हळूहळू बाहेर पडते. त्यामुळे शहराची रात्र भोवतालच्या खेड्यांहून उबदार राहते. यालाच ‘नागरी उष्णताबेट’ म्हणतात.

या बेटाची पहिली पद्धतशीर नोंद लंडनची. ढगांना नावे देणारे ल्यूक हॉवर्ड यांनी 1818 ते 1820 दरम्यान प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखविले, की लंडनची रात्र बाहेरील भागापेक्षा सरासरी 3.7 अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे 2 अंश सेल्सिअस, अधिक उबदार असते. दिवसा मात्र शहर किंचित थंडच असते.

उष्णताबेट हा केवळ महानगरांचा प्रश्न, हा समज 1973 मध्ये ढळला. कॅनडातील टिम ओक यांनी मोटारीतून फिरत घेतलेल्या नोंदींवरून दाखविले, की शांत, निरभ्र रात्री जेमतेम हजार वस्तीच्या गावातही दोन अंशांहून अधिक फरक पडू शकतो. त्याच वर्षी डॅनियल आणि कृष्णमूर्ती यांचा पुणे व मुंबईच्या तापमानक्षेत्रांवरील निबंध भारतात प्रसिद्ध झाला. 1971 च्या जनगणनेत पुणे शहराची लोकसंख्या साडेआठ लाखांच्या घरात होती. 2011 मध्ये जबलपूर साडेदहा लाखांच्या पुढे गेले होते. म्हणजे पुण्याचे मोजमाप झाले, तेव्हा ते आजच्या जबलपूरहून लहानच होते. शहर मोठे होईपर्यंत थांबण्याचे कारण तेव्हाही नव्हते, आताही नाही.

मात्र मोजमाप कसे करावे, यात एक मेख आहे. मुंबईच्या आयआयटीतील संशोधकांनी 2017 मध्ये भारतातील 84 नागरी क्षेत्रांच्या उपग्रहीय नोंदी तपासल्या. उन्हाळ्यात दिवसा यांतील बहुतेक क्षेत्रांचा पृष्ठभाग भोवतालच्या भागापेक्षा थंड आढळला. रात्री चित्र उलटे झाले. कारण सोपे आहे: पीक निघाल्यावर उघडी पडलेली कोरडी जमीन दुपारी शहरापेक्षाही तापते, पण रात्री ती लवकर निवते. केवळ मे महिन्यातील दुपारचा उपग्रह-नकाशा पाहणाऱ्याला, म्हणूनच, प्रश्नच नसल्याचा भास होईल. शिवाय उपग्रह पृष्ठभागाचे तापमान सांगतो. माणूस राहतो तो हवेत. दिवसभर तापलेल्या शरीराला सावरण्यासाठी थंड रात्र लागते, आणि नेमकी तीच हिरावली जाते.

जबलपूरसारख्या शहराला यासाठी फार मोठा खर्च नको. दाट बाजारपेठ, तलावाचा काठ आणि शहराबाहेरील शेत अशा तीन ठिकाणी, सारख्याच उंचीवर, सावलीत ठेवलेले तापमापक आणि वर्षभराच्या रात्रींच्या नोंदी एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनाही हे साधण्यासारखे आहे. आधारताल आणि हनुमानताल अजून उरले आहेत. त्यांच्या काठची हवा आज मोजता येते. राणीतालात पाणी असताना तेथील रात्र किती शीतल होती, हे आता कोणत्याही उपकरणाने मोजता येणार नाही.