चाड्यावरची मूठ

बाभळीचा ओंडका तोडल्या तोडल्या सुताराच्या कट्ट्यावर कधी येत नसे. आधी तो ओढ्याच्या डोहात जायचा. वर दगड रचायचे, ज्याचा ओंडका त्यानं कुऱ्हाडीनं आपली खूण घालायची आणि तो विसरून जायचा. काही महिन्यांत डोहाचं पाणी काळसर तांबडं होई. लाकडातला जो रस किड्याला हवा असतो तो पाण्यात निघून जातो, म्हणून असं मुरवलेलं लाकूड भुंगा पोखरत नाही. मग ते सावलीत वाळवायचं, उन्हात नाही; ऊन लागलं की चीर पडते. आजोबा हे सगळं सांगत तेव्हा त्यांना घाई नसे. नव्या गाडीचा विचार मनात आला, की गाडी दारात उभी राहायला दोन वर्षं जायची आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

नोकरीतून मोकळा झाल्यावर मी सांगलीतल्या घराच्या मागच्या पडवीत बाकडं मांडलं. रंधा, करवत, दोन-तीन पटाश्या, गुण्या, एक जुना वाकस. आमचं घर शेतकऱ्याचं. लहानपणी वाकसाला हात लावला, की थोरली चुलती म्हणायची, "ठेव ते खाली. सुताराचं काम आपलं न्हवं." गावची सगळी घडी तिच्या त्या बोलण्यात होती, कुणी काय करायचं ते जन्माबरोबरच ठरलेलं. आज मी हौसेनं जे करतो ते गावच्या सुतारनानांच्या घरी पिढ्यान् पिढ्या पोटासाठी चाललं होतं. हा फरक मी विसरत नाही. पण हातात रंधा आल्यावर आजोबांच्या गोष्टी मला नव्यानं कळायला लागल्या, हेही खरं. पूर्वी कंटाळा करून ऐकलेला एकेक तपशील आता कामाचा वाटतो.

उदाहरणार्थ, नांगराचं रुमणं. नांगर करायला घेतला, की नाना गड्याला अंगणात सरळ उभं करायचे, हात सैल सोडायला लावायचे आणि त्याच्या मुठीपासून जमिनीपर्यंत दोरी धरायचे. आजोबा ठेंगणे, त्यांचे थोरले भाऊ चांगले उंचनिंच. एकाचा नांगर दुसऱ्यानं दिवसभर धरला, तर संध्याकाळी कंबर बोलायला लागे. गावातल्या प्रत्येक कुणब्याचं माप नानांच्या डोक्यात होतं. म्हातारपणी एखादा वाकला, की त्याचं रुमणं न सांगता दोन बोटं उतरवून द्यायचे.

अशा गावात लोखंडी नांगर आला. आमचं गाव कुंडलपासून बैलगाडीच्या वाटेवर, म्हणजे ती गोष्ट अगदी शेजारी घडलेली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली औंध संस्थानात, कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर कारखाना उभा केला. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी त्यांना जागा दिली होती. नांगर त्याआधीच, बेळगावात असताना तयार झाला होता. पण तो घ्यायला कुणी पुढे येईना. लोखंडानं जमीन नासते, असं लोक धरून बसले होते. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या पणजोबांचं मतही तेच होतं आणि ते शेवटपर्यंत बदललं नाही. आजोबांनी मात्र शेजाऱ्याच्या रानात तो चालताना पाहिला. काळ्या जमिनीत खोल गेलेली हरळी मुळासकट उलथून वर येत होती. लाकडी नांगराला त्याच रानात चार-चार बैलजोड्या लागायच्या आणि माती नुसती फाटायची, उलटायची नाही. त्यांनी घरात न विचारता नांगर आणला. मला विचाराल तर त्यांचंच बरोबर होतं. जुन्या लाकडी नांगराबद्दल आज आपण कितीही हळवं बोललो, तरी हरळीनं भरलेल्या रानात तो धरणाऱ्याचे हाल त्यालाच ठाऊक.

नानांचं काम तेवढ्यानं थांबलं नाही. जू, कुळव, कुरी, मोटेचं चाक, दाराच्या चौकटी होत्याच. आणि गाडी होती. आमच्या गाडीच्या चाकाला बारा आरे आणि सहा पाटे. एका पाट्यात दोन आरे. मधला तुंबा बाभळीचा. आरे तुंब्यात ठोकून बसवायचे, पाटे आऱ्यांवर चढवायचे, आणि हे सगळं एकही खिळा न मारता. पण या सांध्यांना आवळून धरणारी खरी गोष्ट म्हणजे चाकावरची लोखंडी धाव. धाव बसवायची त्या दिवशी शाळेला सुट्टी नसली तरी पोरं शाळेत नसायची. लोहार सुतळीनं चाकाचा घेर घेई आणि धाव मुद्दाम त्याहून थोडी लहान ठेवी. मग ती जमिनीवर आडवी टाकून भोवती गोवऱ्यांचा गोल रचायचे. धाव लालबुंद झाली, की चारी बाजूंनी सांडशीनं उचलून चाकावर बसवायची आणि घण घालायचे. लाकूड भडकून पेटे, धुराचा लोट उठे आणि त्याच क्षणी बायका घागरी रित्या करत. लोखंड आवळलं, की एकेक सांधा कडकड वाजत बसे. हिशेब मी नंतर मांडून पाहिला. चार मीटर घेराची धाव पाचशे अंशांनी तापली, तर सुमारे अडीच सेंटिमीटर वाढते. एवढ्याशा फरकावर गाडी ओझ्यासकट नदीच्या उतारातून जायची. सुतळी धरणाऱ्या लोहाराला हे आकडे ठाऊक नव्हते, पण धाव किती लहान ठेवायची ते चोख ठाऊक होतं.

या सगळ्याचा मोबदला बलुतं. खळ्यावर मळणी झाली, की सुतार, लोहार आपापला वाटा न्यायला येत. त्रिंबक नारायण आत्र्यांचं 'गावगाडा' 1915 साली आलं. बलुतेदारीचा सगळा व्यवहार त्यात बारकाईनं मांडलेला आहे; ज्याला गाव समजून घ्यायचं आहे त्यानं ते वाचावंच. सुतार थोरल्या कासेतला, म्हणजे मोठा वाटा असलेल्या बलुतेदारांतला, आणि मानाचा. पण मान घरी शिजत नाही. पीक बुडालं, की नानांचा वाटाही बुडे, आणि दुरुस्त्या मात्र चालूच. आमच्याच घरच्या खळ्यावर त्यांना थांबवून ठेवल्याचं आजीनं मला सांगितलं होतं. सांगताना तिचा आवाज पडला होता.

1972च्या दुष्काळात बैलच राहिले नाहीत, तर जू कुणासाठी करायचं? नाना खडी फोडायला गेले. ज्या हातांनी केसभर फरक जोखला ते हात दिवसभर दगडावर हातोडा मारत होते. दुष्काळ सरला, पण पूर्वीचं काम परत आलं नाही. उसाच्या पट्ट्यात टायरच्या गाड्या सुरू झाल्या होत्या. जास्त ओझं, बैलांना कमी ताण. लाकडी चाक वर्ष-दोन वर्षांत वळचणीला गेलं. नानांचा मुलगा मिरजेत फर्निचरच्या दुकानात लागला. त्यानं बरं केलं. महिन्याच्या महिन्याला हाती पगार येण्याचं सुख त्या घराला पहिल्यांदा मिळालं.

माझ्याकडे नानांच्या हातचं एक चाडं आहे. चाडं म्हणजे कुरीवरचा लाकडी वाडगा; पेरताना बी त्यात सोडायचं. तळाला तिरपी भोकं असतात, तिथून बी वेळूच्या नळ्यांत आणि नळ्यांतून फणामागं मातीत पडतं. एक भोक किंचित जास्त उतरतं झालं, की सबंध रानात एक तास दाट आणि दुसरा विरळ. काठ आतून इतका गुळगुळीत आहे, की बोट फिरवलं तर कुठं अडत नाही. तो गुळगुळीतपणा वाकस-पटाशीनं आलेला नाही. चार-पाच बायकांच्या मुठी हंगामामागून हंगाम त्यावर फिरल्यात, हे त्याचं कारण. चाड्यावर मूठ धरणं घरोघर बायकांकडेच असायचं. बोटांच्या फटीतून बी किती सुटतं त्यावर वर्षाचं पीक ठरायचं.

यंदा जतकडच्या एका नात्यातल्या शेतकऱ्यानं नवं चाडं मागितलं. त्याचं एक निमुळतं रान आहे, ट्रॅक्टरचं पेरणीयंत्र तिथं वळत नाही, म्हणून त्यानं बैलजोडी आणि जुनी कुरी राखली आहे. शिसवीचा एक जाड तुकडा माझ्याकडे बरीच वर्षं मुरत पडला होता, तो काढला. नानांच्या चाड्यावरून भोकांचा तिरपेपणा घेतला, बाहेरचा आकार केला, आतलं कोरलं. भोकं पाडायच्या आधी मात्र ते घेऊन थेट त्याच्या घरी गेलो. तो म्हणाला, जुन्याइतकीच पाडा. त्याची बायको आतून आली, तिनं चाडं मांडीवर घेतलं, रिकामी मूठ त्यावर धरून दोन-तीनदा फिरवली.

"काठ हितं बोटभर उतरवा, मनगट घासतंय," ती म्हणाली. "आन भोकं जुन्याएवढी नगंत. सासूबाई त्यातनं हरभरा पेरायच्या. मला शाळू पेरायचाय."