प्रस्तावना : ब्राउझरमधली उसनी जागा

अमरावती रोडवर राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्युरो आणि व्हीएनआयटीच्या आवारात महाराष्ट्र सुदूर संवेदन केंद्र, अशा नकाशे घडवणाऱ्या दोन मोठ्या संस्था नागपुरात आहेत. हे नकाशे उघडायची वेळ मात्र भामरागड किंवा मेळघाटच्या रस्त्यावर येते, आणि तिथे मोबाइलच्या रेंजचा भरवसा नसतो. मग नकाशा आणि जागेवर भरलेल्या नोंदी, दोन्ही फोनमध्ये, ब्राउझरच्या आत ठेवाव्या लागतात. वेब अ‍ॅप्लिकेशनमधल्या मोठ्या डेटाच्या स्थानिक साठवणुकीकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याने या गरजेपासून सुरुवात करावी, असे मला वाटते.

आधी आकार पाहू. वेबवरचा नकाशा बहुधा २५६ बाय २५६ पिक्सेलच्या टाइल्सचा असतो. झूमची एक पायरी चढली की त्याच भूभागाला चौपट टाइल्स लागतात. दहावीवरून सोळावीवर गेले की ४,०९६ पट. लोकल स्टोरेजमध्ये मावतात साधारण ५ एमबी, तेही निव्वळ मजकूर म्हणून, आणि वाचता-लिहिताना पान अडून बसते. तरी नवखे लोक तिथेच चित्रे कोंबतात!

मोठ्या साठ्यासाठी ब्राउझरमध्येच डेटाबेस हवा. त्यातला वेब एसक्यूएलचा मार्ग वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यू३सीने २०१० मध्ये सोडला, कारण सगळ्या ब्राउझरांची भिस्त एसक्यूलाइट या एकाच डेटाबेसवर होती आणि मानक ठरायला स्वतंत्र अंमलबजावण्या लागतात. (तेच एसक्यूलाइट आता वेबअसेंब्लीच्या वाटेने ब्राउझरमध्ये परतले आहे.) दुसरा मार्ग, इंडेक्स्ड डीबी, २०१५ मध्ये डब्ल्यू३सीची अधिकृत शिफारस झाला. आज क्रोम एकेका साइटला डिस्कच्या ६० टक्क्यांपर्यंत जागा वापरू देतो.

तेव्हा खरी अडचण जागेची नाही, मालकीची आहे. डिस्क भरत आली की ब्राउझर बरेच दिवस न उघडलेल्या साइटचा साठा काढतो, आणि सहसा तो सगळाच्या सगळा काढतो. टाइल पुन्हा उतरवता येते. बांधावर उभे राहून भरलेली, सर्व्हरवर न पोचलेली मातीची नोंद जगात दुसरीकडे कुठेच नसते. ब्राउझरला दोन्ही सारख्याच. सफारी तर २०२० पासून, वापराच्या सात दिवसांत साइटला हात लागला नाही, तर स्क्रिप्टने लिहिलेले पुसून टाकतो. साठा टिकवण्याची परवानगी मागता येते; मिळेलच असे नाही. आणि फोन भरला म्हणून वापरणाऱ्यानेच सगळे साफ केले, तर त्या परवानगीचाही उपयोग नाही.

म्हणून या क्षेत्रात किती साठवता येईल यापेक्षा काय आधी पाठवायचे, हा प्रश्न मला मोलाचा वाटतो. टाइल्स तालुक्यापुरत्याच ठेवाव्यात. रेंज येताच नोंदी पुढे काढाव्यात. नोंदीचा ओळख क्रमांक फोननेच तयार करावा. पाठवताना रेंज तुटली आणि नोंद पुन्हा गेली, तर सर्व्हरला ती त्यावरून ओळखता येते आणि एकाच शेताची माती दोनदा मोजली जात नाही.