व्याजदर वाढले की शेअर बाजार का पडतो?

४ मे २०२२ रोजी दुपारी रिझर्व्ह बँकेने अचानक रेपो दर ४ टक्क्यांवरून ४.४० टक्क्यांवर नेला. त्याच दिवशी सेन्सेक्स १,३०० हून अधिक अंकांनी कोसळला. रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या दराने अल्पमुदतीचे कर्ज देते, तो रेपो दर. मग त्याचा शेअरच्या भावाशी संबंध काय?

नफ्यावर ताण
रेपो दर वाढला की बँका कर्ज महाग करतात. ज्या कंपन्यांवर मोठे कर्ज आहे, त्यांचा व्याजाचा खर्च वाढतो आणि नफा घटतो. हप्ते वाढल्याने ग्राहक घर किंवा गाडी घेणे पुढे ढकलतात. म्हणून बांधकाम आणि वाहन क्षेत्राला याची झळ लवकर बसते.

उद्याच्या कमाईचे आजचे मोल
शेअरचा भाव कंपनीच्या पुढील कमाईच्या अंदाजावर ठरतो. दहा वर्षांनी मिळणाऱ्या १०० रुपयांचे आजचे मूल्य ८ टक्के दराने सुमारे ४६ रुपये होते, १० टक्के दराने सुमारे ३९ रुपयेच. त्यामुळे ज्यांचा नफा अजून दूर आहे, अशा नव्या कंपन्यांचे शेअर जास्त घसरू शकतात.

पैसा दुसरीकडे वळतो
मुदत ठेवीवर चांगले व्याज मिळू लागले की अनेकांना शेअरची जोखीम नकोशी वाटते. अमेरिकेत दर वाढले की परदेशी गुंतवणूकदारही भारतातून पैसे काढून तिकडे नेतात.

सगळ्यांचेच नुकसान होते का?
नाही. बँकांचे कर्जाचे दर अनेकदा ठेवींच्या दरांआधी वाढतात, त्यामुळे सुरुवातीला त्यांचा फायदा होऊ शकतो. शिवाय पडलेला बाजार पडूनच राहतो असे नाही. रेपो दर फेब्रुवारी २०२३ पर्यंत वाढत ६.५० टक्क्यांवर गेला. पण त्याआधीच, नोव्हेंबर २०२२ अखेरीस, सेन्सेक्सने ६३,००० चा टप्पा ओलांडला होता.

गुंतवणूकदारांनी काय पाहावे?
- कंपनीवर कर्ज किती आहे?
- वर्ष-दोन वर्षांत लागणारा पैसा शेअरमध्ये अडकला आहे का?
- शेअर उसने पैसे घेऊन घेतले आहेत का? तसे असल्यास व्याज वाढते आणि भावही पडतो, असा दुहेरी फटका बसतो.

एसआयपी करणाऱ्यांना मात्र पडत्या बाजारात त्याच हप्त्यात जास्त युनिट मिळतात. केवळ घाबरून ती बंद केल्यास हा फायदा हातचा जातो.