यती

मराठीत ‘यती’ म्हणजे इंद्रियनिग्रही संन्यासी. ‘यत्’ म्हणजे प्रयत्न करणे या धातूशी जोडलेला हा संस्कृत शब्द आणि हिमालयातल्या केसाळ वानरसदृश प्राण्याचे नाव यांत केवळ उच्चारसाम्य आहे. दुसरा ‘यती’ शेर्पांच्या बोलीतून आला असून, त्याचे मूळ खडकाळ जागा आणि अस्वल या अर्थांच्या तिबेटी शब्दांत असल्याचे बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे हा प्राणी खरोखर आहे का, या वादाचे उत्तर नावातच दडलेले दिसते, आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत ‘यती’चे म्हणून जपलेल्या नऊ नमुन्यांपैकी आठ अस्वलांचे व एक कुत्र्याचे निघाल्याने त्याला पुष्टी मिळाली. तरीही २०१९ च्या एप्रिलमध्ये भारतीय लष्कराने हिमालयातील मकालू शिखराच्या तळाजवळच्या ३२ × १५ इंचांच्या ठशांची छायाचित्रे ‘यती’चे ठसे म्हणून प्रसृत केली. वितळत्या बर्फात ठसा पसरून मोठा होतो, ही साधी बाब मात्र चर्चेत मागे पडली. याउलट, पुण्याच्या हडपसर परिसरात २०२१ मध्ये बिबट्याने माणसावर हल्ला केला, तेव्हा प्राणी आहे की नाही असा वाद कोणाला घालावा लागला नाही, कारण जखम समोर होती. यतीच्या बाबतीत शंभर वर्षे ठशांवर आणि अशा नमुन्यांवरच भागवावे लागले आहे.